दिसायला नर, मुळात नर

शेततळ्यात चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, सोडायची म्हटलं की पहिला सवाल: "बी (सोडायची पिल्लं) सगळं नर आहे ना?" सवाल रास्तच आहे. मादी लवकर वयात येते, अंडी तोंडात उबवते आणि तेवढे दिवस धड खात नाही. तळं पिल्लांनी भरतं, वजन मात्र भरत नाही. पण 'नर' म्हणजे दिसायला नर की मुळात नर?

दिसायला नर ओळखणं हाताचं काम. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, जरा मोठी झाली की उताणी धरून गुदद्वाराजवळ थोडी शाई लावायची. नराला छिद्रं दोन, मादीला तीन. शहाद्याचा पपईवाला रोप नर की मादी ते फुलावरून ओळखतो, तसंच हे.

मुळातला नर डोळ्यांना दिसत नाही. पराचा बारीक तुकडा कापून त्यातला डीएनए पीसीआरवर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीवर) तपासावा लागतो. नाईल तिलापियात लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांची जोडी मादीत एक्सएक्स, नरात एक्सवाय. वाय गुणसूत्रावरची खूण (मार्कर) सापडली की मासा मुळात नर.

एरवी दोन्ही उत्तरं जुळतात. पण पिल्लांना तीन-चार आठवडे मिथाइल टेस्टोस्टेरॉन हे नर हार्मोन मिसळलेलं खाद्य दिलं, साधारण किलोभर खाद्याला 60 मिलिग्रॅम, की एक्सएक्स पिल्लूही नर होतं. नुसत्या उष्णतेनेही हे घडू शकतं. कोवळ्या वयात पाणी 36 अंशांच्या आसपास राहिलं तर काही माद्या नराच्या वळणावर जातात. भुसावळच्या मे महिन्यात उथळ टाक्यांत पिल्लं ठेवणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मासे वाढवून विकणाऱ्याला या फरकाचं फारसं काही नाही. पिल्लं तयार करणाऱ्या हॅचरीवाल्याचं मात्र सगळं गणित त्यावर आहे. एक्सएक्स नर साध्या मादीशी लावला तर पिल्लं सगळ्या माद्या! उलट दोन्ही गुणसूत्रं वाय असलेला वायवाय नर मिळाला तर हार्मोनशिवाय सगळी पिल्लं एक्सवाय, म्हणजे नर. वायवाय आणि एक्सवाय नर दिसायला सारखेच. डीएनएतल्या खुणा हाती नव्हत्या तेव्हा प्रत्येक नराची पिल्लं वाढवून मोजावी लागत, त्यात महिने जात.

खुणेतही मेख आहेच. नाईल तिलापियाच्या काही वाणांत लिंग ठरवणारी जागा पहिल्या जोडणी-गटात (म्हणजे ढोबळमानाने पहिल्या गुणसूत्रावर) आहे, काहींत तेविसाव्या. निळ्या तिलापियात तर उलटं, तिथे दोन वेगळी गुणसूत्रं मादीत असतात: मादी झेडडब्ल्यू. त्यामुळे एका वाणावर खरी ठरलेली खूण दुसऱ्यावर निकामी ठरू शकते. आणि 'गिफ्ट' या नावाची तिलापिया म्हणजे सगळे नर, हाही गैरसमजच. ते निवड पद्धतीने सुधारलेलं, लवकर वाढणारं वाण आहे, त्यात माद्याही असतात. तेव्हा "आमचं बी मार्करने तपासलेलं आहे" असं कुणी म्हटलं, तर वाण कोणतं ते आधी विचारा.