सोरायसिसजन्य संधिवाताचे जोखीमघटक

सोरायसिस (त्वचेवर खवलेदार चट्टे उठण्याचा विकार) असलेल्या व्यक्तीचे सांधे, पाठीचा कणा आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) हाडाला चिकटण्याच्या जागा यांचा दाह होऊन जडणाऱ्या संधिवाताची शक्यता वाढविणाऱ्या बाबी. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर सोरायसिसच्या साधारण पाच रुग्णांपैकी एकाला हा संधिवात असल्याचे दिसते. भारतातील काही रुग्णालयीन अहवालांत मात्र हे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी आहे. रुग्णाचे सांधे कोणी तपासले, त्वचारोगतज्ज्ञाने की संधिवाततज्ज्ञाने, यावरही हा फरक काही अंशी अवलंबून असावा. बहुतेकांच्या त्वचेवर चट्टे आधी उमटतात आणि सांध्यांची तक्रार सुमारे दहा वर्षांनी सुरू होते. साधारण १५ टक्के रुग्णांत क्रम उलटा असतो.

चट्टे आणि सांधेदुखी यांच्या सहवासाची पहिली नोंद सामान्यतः फ्रेंच वैद्य झाँ-लुई आलिबेर यांची (१८१८) मानली जाते. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ बाझँ यांनी १८६०च्या सुमारास त्याला नाव दिले. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक जण याला सोरायसिस आणि आमवात यांची योगायोगाने पडलेली गाठ समजत. आमवातात रक्तात आढळणारा घटक या रुग्णांत सहसा सापडत नाही, हे लक्षात आल्यावर आणि इंग्लंडमधील लीड्स येथील संधिवाततज्ज्ञ व्हर्ना राइट यांच्या अभ्यासानंतर हा स्वतंत्र विकार ठरला. जोखीमघटकांचा विचार खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो.

आनुवंशिकतेचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. १९७३ मध्ये मॉल व राइट यांनी रुग्णांच्या आईवडील, भावंडे व मुलांमध्ये जोखीम सुमारे ५५ पट असल्याचे मांडले. आइसलँडच्या वंशावळींवरून पुढे सुमारे ४० पट हा आकडा आला. दुसरा अधिक ग्राह्य वाटतो, कारण तो अख्ख्या लोकसंख्येच्या नोंदींवर उभा आहे. एचएलए-बी२७ हे जनुकरूप विशेषतः कण्याच्या दाहाशी निगडित आहे. एचएलए-सी६ हे दुसरे जनुकरूप असलेल्यांना सोरायसिस लहान वयात होतो, पण सांधे उशिरा धरतात किंवा धरतही नाहीत. त्वचेची आणि सांध्यांची आनुवंशिकता पूर्णपणे एक नाही, हे यावरून दिसते.

चट्टे कुठे आहेत, याला फार महत्त्व आहे. अमेरिकेतील मिनेसोटामधल्या सुमारे १,६०० रुग्णांच्या पाहणीत (२००९) डोक्याच्या केसाळ त्वचेवर चट्टे असणाऱ्यांत संधिवाताची शक्यता जवळजवळ चौपट, नखे बिघडलेल्यांत तिप्पट आणि नितंबांमधील घडीत चट्टे असणाऱ्यांत दुपटीहून अधिक आढळली. नखांवर टाचणीच्या डोक्याएवढे खळगे पडतात, शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे; नख टोकाकडून सुटते, खाली तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट डाग दिसतो. बुरशी समजून महिनोन्‌महिने मलम लावले जाते. नखाचे मूळ आणि बोटाच्या शेवटच्या सांध्यावरून जाणारी कंडरा एकमेकांत गुंतलेली असतात, म्हणून नखाचा विकार हा त्या सांध्याशेजारच्या दाहाचाच भाग असावा, असे आता मानले जाते. रुग्ण नखांबद्दल आपणहून सहसा बोलत नाही आणि नितंबांच्या घडीबद्दल तर मुळीच नाही. डॉक्टरांनीच विचारायला हवे.

इजेचा मुद्दा सर्वाधिक वादाचा. खरचटलेल्या जागी सोरायसिसचे नवे चट्टे उठतात, हे जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइन्रिख क्योब्नर यांनी १८७०च्या दशकात दाखविले. शरीराच्या आतही असेच घडते का, हा त्यापुढचा प्रश्न. टोरांटोच्या अभ्यासात जड ओझी उचलणे, इजा आणि प्रतिजैविके घ्यावी लागलेले संसर्ग यांचा संबंध दिसला. मात्र दुखणे जडलेला माणूस जुना मार अधिक आठवतो, हा आक्षेप रास्त होता. तो ब्रिटनमधील दवाखान्यांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१७च्या पाहणीला लागू पडत नाही. तिच्यात सांध्याला किंवा हाडाला मार लागल्यानंतर जोखीम सुमारे दीडपट भरली. केवळ त्वचेला किंवा मज्जातंतूला झालेल्या इजेने ती वाढली नाही. कंडरेच्या टोकावर पडणारा ताण आणि तेथील सूक्ष्म झीज यांतून दाह सुरू होतो, या मताला यामुळे बळ मिळते.

लठ्ठपणाबाबत मतभेद कमी आहेत. ब्रिटनमधील सोरायसिस रुग्णांत ३५ किंवा अधिक वस्तुमान निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) असणाऱ्यांना ही जोखीम सुमारे दीडपट होती. मेदपेशी दाहकारक द्रव्ये सोडतात आणि टाचेच्या कंडरेवर भारही येतो. दोन्ही कारणे संभवतात.

धूम्रपानाचे आकडे वाचताना मात्र सावध राहावे. सर्वसाधारण लोकसंख्येत ते जोखीम वाढविते. फक्त सोरायसिस रुग्ण निवडले तर काही अभ्यासांत उलट संरक्षण देते असे भासते. धूम्रपानाने मुळात सोरायसिसचीच शक्यता वाढते, त्यामुळे रुग्णांचा निवडलेला गट एकांगी होतो आणि हा आभास निर्माण होतो, हे स्पष्टीकरण आज अधिक पटणारे आहे. संधिवात टाळण्यासाठी विडी-सिगारेट चालू ठेवावी, असा अर्थ त्यातून कोणीही काढू नये.

डोळ्याच्या मध्यपटलाचा दाह (युव्हायटिस) आणि तीव्र सोरायसिस यांचाही संबंध नोंदला आहे. दाह घडविणारी प्रथिने रोखणाऱ्या जैविक औषधांनी त्वचा आटोक्यात ठेवल्यास संधिवात टळतो का, यावर निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. ही औषधे मुळात तीव्र सोरायसिस असणाऱ्यांना दिली जातात, आणि सकाळचा ताठरपणा किंवा टाचदुखी सुरू झालेली असल्यामुळेच काहींना ती लवकर मिळतात; त्यामुळे ती घेणाऱ्यांची व न घेणाऱ्यांची तुलना सरळ होत नाही.