पदव्युत्तर प्रवेशाची प्रतीक्षा यादी : पात्रता, कागदपत्रे आणि शुल्क परतावा

पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करताना आपली पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे आणि प्रवेश कोणत्या विद्यापीठात हवा आहे, हे आधी पाहावे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे, तर छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे येतात. लातूरहून बी.एस्सी. झालेली मुलगी संभाजीनगरला एम.एस्सी.साठी गेली, की महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्यासोबत तिच्याकडे स्थलांतर प्रमाणपत्रही मागितले जाते, आणि नेमके तेच काढायचे राहून गेलेले असते.

पात्रतेच्या अटी अभ्यासक्रमानुसार बदलतात. सीईटी कक्षामार्फत होणाऱ्या एम.बी.ए. आणि एम.सी.ए. प्रवेशासाठी पदवीला किमान ५० टक्के, तर राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांना ४५ टक्के गुण लागतात.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की हरकत नोंदवण्यासाठी मोजकेच दिवस मिळतात. त्यामुळे क्रमांक पाहून यादी बंद न करता त्यावरील प्रवर्ग, गुण आणि नावाचे स्पेलिंग अर्जाशी ताडून पाहावे. अंतिम यादीनंतर केलेल्या विनंतीला फारसा अर्थ उरत नाही. प्रतीक्षा यादी साधारणपणे प्रवर्गनिहाय चालते. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याचा विचार खुल्या जागेसाठीही गुणवत्तेनुसार होत असल्याने एकच मुलगा सर्वसाधारण यादीत चाळिसावा आणि इतर मागासवर्गाच्या यादीत तिसरा असू शकतो, आणि त्याच्यासाठी महत्त्वाचा क्रमांक तिसरा असतो. वरच्यांनी प्रवेश निश्चित केला नाही, तरच यादी पुढे सरकते.

जागेवर प्रवेश देण्याच्या शेवटच्या फेरीत, ज्याला सगळे ‘स्पॉट’ म्हणतात, नाव पुकारल्यावर मूळ कागद टेबलावर ठेवावे लागतात. किनवटहून पहाटेच्या एस.टी.ने नांदेड गाठलेल्या मुलाच्या हातातील नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चलाच संपलेली असेल, तर त्याचा तिसरा क्रमांकही कामाचा राहत नाही. हे प्रमाणपत्र यादीची वाट पाहण्याच्या दिवसांतच सेतू केंद्रातून नव्याने काढून घ्यावे. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज तर त्याच्याही बराच आधी गेलेला हवा, कारण इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि आपल्याकडील निजामकालीन नोंदी उर्दूत असल्या की भाषांतरात आणखी दिवस जातात. शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्रही सोबत असावे.

हाती आलेली जागा धरून दुसरीकडे थांबावे का, हा खरा पेच असतो. माझ्या मते धरावी, पण परताव्याचा नियम वाचून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळते, मात्र त्यातून प्रक्रियेपोटी ५ टक्क्यांपर्यंत आणि कमाल ५,००० रुपये कापता येतात. त्यानंतर, पण अंतिम तारखेच्या आत रद्द केल्यास ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि पुढे काहीच नाही. आयोग एखाद्या वर्षासाठी वेगळे परिपत्रकही काढतो, तेही पाहावे.

मूळ प्रमाणपत्रे पडताळून लगेच परत द्यावीत, असेही हीच अधिसूचना सांगते. तरीही आमच्या घरातील एका मुलीचा मूळ दाखला एका महाविद्यालयाने ‘साहेब रजेवर आहेत’ म्हणून चार दिवस अडवून ठेवला होता आणि तेवढ्यात दुसरीकडची फेरी होऊन गेली. म्हणून प्रवेश रद्द करण्याचा अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.