एडीएचडीवरची उत्तेजक औषधं आणि मुलांमधले साइड इफेक्ट

एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चळवळ आणि उतावळेपणा यांचा त्रास) असलेल्या मुलाचं लक्ष टिकावं, उतावळेपणा आवरता यावा म्हणून दिली जाणारी औषधं. मुख्य गट दोनच, मेथिलफेनिडेट आणि अॅम्फेटामाइन. दोन्हींमुळे मेंदूत डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही निरोप पोचवणारी रसायनं जास्त वेळ टिकतात, अॅम्फेटामाइन तर पेशीत साठलेलं डोपामिन बाहेरही काढतं. अॅटोमॉक्सेटिन हेही एडीएचडीवरचं औषध, पण ते उत्तेजक नाही म्हणून इथे घेतलेलं नाही.

सुरुवात बहुतेक जण १९३७ ची धरतात. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधे चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने ३० मुलांना बेन्झेड्रीन म्हणजे अॅम्फेटामाइन दिलं. नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की त्या काळी मेंदूभोवतालचं पाणी काढून हवा भरून एक्स-रे घ्यायचे, त्यानंतर मुलांचं डोकं भयंकर दुखायचं, त्यावर उपाय म्हणून हे औषध दिलं आणि डोकेदुखी राहिली बाजूला, मुलं अभ्यास करायला लागली. पण ती मुलं वेगवेगळ्या वागणुकीच्या तक्रारींची होती आणि एडीएचडी हे नाव तर १९८७ चं, त्यामुळे 'ब्रॅडलीने एडीएचडीवर औषध शोधलं' हे वाक्य जरा सांभाळूनच घ्यावं. मेथिलफेनिडेट त्यानंतरचं, १९४४ मधे स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन यांनी बनवलं, रिटालिन हे नाव त्यांच्या बायकोच्या रीटा या हाकेच्या नावावरून.

उत्तेजक औषधाने मूल शांत होतं हे ब्रॅडलीलाही उलटंच वाटलं होतं, आणि त्याने तेव्हाच सुचवलं की मेंदूचे काही भाग आवर घालायचं काम करतात, तेच जागे होत असतील. हे बाजूला पडलं आणि 'या मुलांवर औषध उलटं चालतं' एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं. १९७८ मधे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी कुठलाही त्रास नसलेल्या १४ मुलग्यांना डेक्स्ट्रोअॅम्फेटामाइनचा (अॅम्फेटामाइनचाच एक प्रकार) एक डोस देऊन पाहिला, तर तीही कमी हलली आणि त्यांचंही लक्ष सुधारलं. म्हणून गोळीने फरक पडला म्हणजे एडीएचडी आहेच असं मानणं चूक आहे, आणि ही चूक पालकांकडून आजही होते ते बघून वाईट वाटतं.

साइड इफेक्टमधे सगळ्यात आधी दिसते ती भूक. सकाळी गोळी, दुपारी डबा जसाच्या तसा परत, आणि रात्री आठला औषध उतरल्यावर मूल स्वयंपाकघरात घुटमळतंय, हे चित्र इतकं ठरलेलं आहे की नाश्ता गोळीच्या आधी आणि रात्रीचं जेवण जरा भरपूर द्या असं डॉक्टर सांगतात. झोप उशिरा लागणं, पोट किंवा डोकं दुखणं, औषध उतरताना चिडचिड नाहीतर रडू येणं (रिबाउंड) हेही होतं. यातलं बरंचसं डोस किंवा वेळ बदलून कमी होतं, साधी गोळी तीन-चार तास चालते आणि हळूहळू सुटणारी आठ ते बारा. मूल गप्प गप्प, कोमेजल्यासारखं झालं तर ते 'शहाणं झालं' नाही, बहुतेक वेळा डोस जास्त होतोय, हे डॉक्टरांना लगेच सांगायलाच हवं.

या औषधांनी उंची कमी राहते का हा वाद १९७० च्या दशकापासून चालू आहे. काहींचं म्हणणं होतं की मुळात या मुलांची वाढच थोडी मागे असते आणि पुढे भरून निघते. एमटीए या एडीएचडीवरच्या उपचारांची तुलना करणाऱ्या अमेरिकन अभ्यासात (५७९ मुलं, पहिले निकाल १९९९) पुढे मोठेपणापर्यंत मोजमाप झालं आणि २०१७ मधे दिसलं की औषध सलग किंवा मधूनमधून घेत राहिलेल्यांची उंची जवळजवळ न घेतलेल्यांपेक्षा सरासरी अडीच सेंटीमीटरच्या आसपास कमी. मुलांना चिठ्ठ्या टाकून गट पाडायचा टप्पा तोपर्यंत कधीच संपलेला होता, त्यामुळे फरक औषधामुळेच असं पक्कं म्हणता येत नाही, तरी औषधाचा वाटा आहे हे मत जास्त पटण्यासारखं आहे. म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनी उंची, वजन मोजून वाढीच्या तक्त्यावर ठिपका मांडायचा असतो, एका ठिपक्यावरून काही कळत नाही, रेघ खाली वळतेय का ते बघायचं.

टिक्स (मनात नसताना डोळे मिचकावणं, मान झटकणं असे झटके) वाढतात असा जुना धाक होता, नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत एकूण मुलांमधे तशी वाढ दिसली नाही, एखाद्या मुलात मात्र होऊ शकते. नाडी आणि रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून सुरू करण्याआधी मुलाला जन्मापासून हृदयाचा आजार आहे का, खेळताना कधी चक्कर येऊन पडलंय का, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलंय का, हे विचारतात.