टायर घसरला तर गिअर वाचतो

ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांबद्दल एक समज पक्का रुजलेला आहे. इंजिनाची ताकद दोनाऐवजी चार चाकांत वाटली जाते, म्हणजे प्रत्येक भागावर भार कमी, म्हणजे गाडी दणकट. ऐकायला पटतं. पण ड्रॅग शर्यतीत, म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ रेषेत पाव मैल, ४०२ मीटर, गाठायच्या खेळात, गिअरबॉक्स फोडून घेण्यासाठी बदनाम झालेल्या गाड्यांत याच पुढे आहेत.

सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स घ्या. अमेरिकेत ती २००२ च्या मॉडेलपासून विकायला आली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २२७ अश्वशक्ती, २९४ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), पाच गिअर, वजन साधारण १४०० किलो. चार दारांची, घरच्यांना घेऊन फिरता येईल अशी गाडी, पण सिग्नलला भल्याभल्यांना मागे टाकणारी. हौशी पोरांनी ती ड्रॅग स्ट्रिपवर नेली नसती तरच नवल. थोड्याच दिवसांत तिच्या गिअरबॉक्सला ‘काचेचा’ असं नाव पडलं.

भार वाटला जातो हे खोटं नाही. प्रश्न आहे तो कुठे वाटला जातो याचा. या सुबारूत गिअरबॉक्स इंजिनामागे गाडीच्या लांबीच्या दिशेने लावलेला असतो आणि मधला डिफरन्शियल, म्हणजे ताकदीची पुढे-मागे वाटणी करणारी चक्रं, त्याच्या शेपटाशी. इंजिनाचा टॉर्क आधी गिअरच्या जोडीतून जातो, मग शेपटाशी त्याचे दोन वाटे होतात. एक मागच्या चाकांकडे आणि दुसरा एका पोकळ शाफ्टच्या आतून उलटा पुढे येऊन पुढच्या चाकांकडे. म्हणजे वाटणी होण्याआधीचा सगळा भार पहिल्या गिअरच्या दोन चक्रांनी एकट्यानेच सोसलेला असतो.

बरं, तो भार किती असतो? इथे बहुतेक जण इंजिनाच्या आकड्याकडे बोट दाखवतात. माझ्या मते बघायला हवं टायरकडे. चाकाने रस्त्याला रेटा दिला की रस्ता तेवढाच उलट रेटा देतो, पण घर्षणाच्या मर्यादेपर्यंतच. मर्यादा ओलांडली की चाक जागच्या जागी फिरतं, धूर निघतो आणि गिअरबॉक्सवरचा ताण तिथेच थांबतो. घसरणारा टायर म्हणजे घरातल्या मीटरशेजारचा फ्यूजच.

ढोबळ हिशेब मांडू. चालक धरून गाडी १५०० किलो, म्हणजे सुमारे १४,७०० न्यूटन वजन. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.९ धरू. पहिला गिअर आणि त्यापुढची शेवटची चक्रजोडी मिळून टॉर्क साधारण साडेतेरापट होतो आणि चाकाची त्रिज्या ०.३१ मीटर आहे. हीच गाडी फक्त मागच्या चाकांवर चालत असती, तर सुटताना मागे झुकून त्या चाकांवर समजा ६० टक्के वजन आलं असतं. टायर सुमारे ८,००० न्यूटनला घसरला असता. उलटा हिशेब केला तर गिअरबॉक्सला १८५ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त कधी सोसावंच लागलं नसतं, मग इंजिन कितीही मोठं असो! चारही चाकं चालवा, मर्यादा १३,२०० न्यूटनवर जाते आणि गिअरबॉक्सवर ३०० न्यूटन-मीटर येऊ शकतात. आता त्याच गाडीला ड्रॅगचे मऊ, चिकट टायर चढवा आणि राळेचा चिकट थर मारलेल्या ट्रॅकवर उभी करा. घर्षणांक १.४ धरला तरी ही मर्यादा ४७० च्या आसपास जाते. इंजिनाला हातही न लावता गिअरबॉक्सवरचा संभाव्य भार अडीचपट झाला.

पण इंजिन २९४ चं आहे, मग ४७० येणार कुठून? फ्लायव्हीलमधून, म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणाऱ्या जड चक्रातून. सुटायच्या आधी चालक इंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर धरून ठेवतो आणि क्लच झटक्यात सोडतो. इंजिनाचा फिरता भाग, म्हणजे क्रँक, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट, यांचं जडत्व मिळून ०.२ किलोग्रॅम-मीटर वर्ग धरू. फेऱ्या दशांश सेकंदात ५,५०० वरून २,५०० वर आल्या, तर जडत्व गुणिले मंदन एवढा टॉर्क बाहेर पडतो, म्हणजे ०.२ गुणिले ३,१४०, सुमारे ६३० न्यूटन-मीटर. हा इंजिनाच्या स्वतःच्या टॉर्कमध्ये मिळवायचा, त्याच्याऐवजी धरायचा नाही. बेरीज ९०० च्या वर जाते. ती सगळी गिअरपर्यंत पोचत नाही, कारण मध्ये क्लच आहे आणि त्याच्या पकडीपलीकडे तोही घसरतो. हा दुसरा फ्यूज. आणि हौशी माणूस काय करतो? क्लच जळाल्याचा वास आला की दुप्पट पकडीचा क्लच बसवतो. दोन्ही फ्यूज काढून तिथे जाड तार घातल्यावर तिसरं काहीतरी जळणारच.

ते तिसरं म्हणजे गिअरचा दाता. त्याच्याकडे अगदी जवळून बघण्यासारखं आहे. एका टोकाला रोवलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी अशी ती आखूड तुळई असते, आणि सगळ्यात जास्त ताण तिच्या मुळाशी येतो. १८९२ साली विल्फ्रेड लुईस यांनी फिलाडेल्फियात हाच विचार सूत्रात मांडला. लहान चक्राची त्रिज्या दोन सेंटिमीटर धरली तर ३०० न्यूटन-मीटरला दात्यावर १५,००० न्यूटन, म्हणजे दीड टन भार येतो. तो पेलायला एका वेळी जेमतेम एक-दोन दाते. शिवाय दात्यांच्या उतारामुळे या भाराच्या सुमारे ३६ टक्के एवढा रेटा दोन शाफ्टना एकमेकांपासून दूर ढकलतो. या गिअरबॉक्सचं आवरण ॲल्युमिनियमचं, डावं-उजवं अशा दोन अर्धांचं. ते किंचित फाकतं, शाफ्ट किंचित दूर जातात आणि भार दात्याच्या मधल्या भागाऐवजी शेंड्याकडे, कडेकडे सरकतो. तुळईची लांबी जणू वाढते. मुळाशी ताण आणखी चढतो, आवरण आणखी फाकतं.

तरीही दाता पहिल्या झटक्याला सहसा तुटत नाही. मुळाशी केसाएवढी चीर पडते आणि गाडी सुटते त्या प्रत्येक वेळी थोडी पुढे सरकते. हा धातूचा थकवा. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर याचा पद्धतशीर अभ्यास केला. यातला हिशेब सरळ नसतो. ताण दीडपट झाला तर आयुष्य दीडपटीने नाही, ढोबळमानाने दहापटीहूनही जास्त घटतं. ‘काल तर काही झालं नव्हतं’ असं म्हणणाऱ्याची चीर कालच अर्ध्यावर आलेली असते. म्हणूनच चांगल्या गिअरच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कडक करतात, गाभा चिवट ठेवतात आणि मुळाशी बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात. त्याने पृष्ठभाग आतल्या आत दाबलेला राहतो आणि चीर उघडायला आधी तो दाब मोडावा लागतो.

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने दाता एका मायक्रॉनने जाड होत नाही, पण निदान ते स्वस्त असतं. ‘गिअरबॉक्सचं आयुष्य दुप्पट’ असं छापलेल्या बाटल्या त्याच श्रद्धेवर, कितीतरी महाग खपतात. तेल दात्यांचं घासणं कमी करतं. मुळाशी वाकून पडणाऱ्या चिरेशी त्याचा संबंध नाही.

उपाय दोनच जातीचे. एक म्हणजे जाड सामान. २००४ च्या मॉडेलपासून अमेरिकेत आलेल्या एसटीआयला, म्हणजे डब्ल्यूआरएक्सच्याच तगड्या आवृत्तीला, सहा गिअरचा वेगळा, भारी गिअरबॉक्स होता. तिचा मागचा डिफरन्शियल आर१८०, तर साध्या डब्ल्यूआरएक्सचा आर१६०; हे आकडे म्हणजे आतल्या मोठ्या चक्राचा मिलिमीटरमधला व्यास. दुसरा उपाय म्हणजे घसरण परत आणणं, पण ताब्यात ठेवून. २०१७ साली बीएमडब्ल्यूने पहिली ऑल-व्हील ड्राइव्ह एम५ आणली, तेव्हा आधीच्या पिढीतला डबल क्लच गिअरबॉक्स सोडून आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक घेतला. कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं. धक्का तिथे मुरतो, त्याची उष्णता होते आणि ती कूलरमधून बाहेर टाकता येते.

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, त्यामुळे हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. मॅन्युअल गाडी घेऊन उतरणार असाल तर क्लच एकदम न सोडता अर्धा सेकंद घसरू द्या. प्लेट लवकर झिजेल, झिजू दे. ती गिअरबॉक्सपेक्षा स्वस्त आहे. टायर धरतो-सुटतो करत मागचा भाग थडथड उडायला लागला तर लगेच पाय काढा, कारण प्रत्येक उडीनंतर टायर पुन्हा धरतो तेव्हा ॲक्सलला नवा हिसका बसतो. आणि शर्यतीनंतर गिअरबॉक्सचं तेल काढाल तेव्हा ड्रेन प्लगचं चुंबक बोटाने पुसून बघा. करडा, मऊ लेप असेल तर नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारा कपचा लागला तर गाडी तिथेच ठेवा आणि गिअरबॉक्स उघडायला सांगा.