व्हेरिकोसील : निदान

व्हेरिकोसील : वृषणाकडून अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या नीलांचे जाळे फुगून वेडेवाकडे होण्याची अवस्था. हे जाळे शुक्ररज्जूत (वृषणापासून वर जाणाऱ्या, वीर्यनलिका व रक्तवाहिन्या असलेल्या दोरीत) असते. ते द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखे दिसत असल्याने त्याला लॅटिनवरून ‘पँपिनिफॉर्म’ असे नाव मिळाले. प्रौढ पुरुषांत याचे प्रमाण सु. 15 टक्के, तर वंध्यत्वासाठी तपासणीस येणाऱ्या पुरुषांत 35 ते 40 टक्के आढळते. महाराष्ट्रात अनेक तरुणांना या विकाराचे नाव प्रथम ऐकू येते ते सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत. तोवर त्यांना काहीच त्रास झालेला नसतो.

संज्ञा संकरित आहे : लॅटिन ‘व्हॅरिक्स’ (फुगलेली नीला) आणि ग्रीक ‘केले’ (गाठ, सूज). इ. स. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने ‘किर्सोकेले’ हा ग्रीक शब्द नोंदविला असून त्या बाजूचे वृषण पोषणाअभावी लहान होते, असेही म्हटले आहे. आजच्या निदानातही हे लक्षण महत्त्वाचे मानतात. सध्याची संज्ञा इंग्रज शल्यचिकित्सक कर्लिंग यांनी 1843 च्या सुमारास घडविली असे अनेक ग्रंथांत लिहिलेले असते. तथापि अठराव्या शतकातील लेखनातही ती आढळते, त्यामुळे कर्लिंग यांनी ती रूढ केली असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘वृद्धी’चे सात प्रकार दिले आहेत. त्यांपैकी एखाद्याशी हा विकार जुळविण्याकडे काही लेखकांचा कल आहे. पण तेथे शिरांच्या गुंत्याचे स्पष्ट वर्णन नाही.

हा विकार बहुधा डाव्या बाजूस होतो. डावी वृषणनीला अधिक लांब असून मूत्रपिंडाच्या नीलेला जवळजवळ काटकोनात मिळते; उजवी मात्र अधोमहानीलेत (शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या नीलेत) तिरकी उतरते. म्हणून केवळ उजव्या बाजूस व्हेरिकोसील आढळल्यास, किंवा रुग्ण आडवा झाल्यावरही शिरा रिकाम्या होत नसल्यास, पोटाच्या मागील भागात नीलेवर दाब देणारी गाठ तर नाही ना, याचा शोध घेतात.

निदान मुख्यतः हाताने होते. खोली उबदार हवी. गारठ्यात मुष्काची (वृषणांच्या पिशवीची) त्वचा आक्रसते आणि बोटांना काही कळत नाही. रुग्णाला काही मिनिटे उभे ठेवून आधी नुसते पाहतात, मग अंगठा व बोटे यांमध्ये शुक्ररज्जू हलकेच चाचपतात. यानंतर श्वास रोखून कुंथायला सांगतात. इटालियन शारीरविज्ञ व्हाल्साल्व्हा यांच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते. पोटातील दाब वाढला की रक्त उलटे उतरते व शिरा टरारतात. पाठ्यपुस्तकांत गांडुळांच्या पिशवीची उपमा देतात. शेवयांचा मऊ गुंता म्हटले तरी चालेल. आडवे होताच तो ओसरतो. हायड्रोसीलमधून (वृषणाभोवती साचलेल्या पाण्यातून) विजेरीचा प्रकाश आरपार दिसतो, तर हर्नियात खोकताना बोटांना धक्का जाणवतो; यावरून भेद करता येतो.

अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ डुबिन व अमेलार यांची 1970 ची प्रतवारी आजही प्रचलित आहे. कुंथल्यावरच हाताला लागल्यास पहिली प्रत, नुसते उभे असताना लागल्यास दुसरी आणि डोळ्यांना दिसल्यास तिसरी. जे हाताला लागतच नाही, केवळ यंत्रावर दिसते, ते ‘अव्यक्त’ व्हेरिकोसील.

खरा वाद येथेच आहे. डॉप्लर सोनोग्राफीत (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह दाखविणाऱ्या तपासणीत) नीलेचा व्यास आणि रक्ताचा उलटा प्रवाह मोजतात. पण किती व्यास म्हणजे विकार, याबाबत 2, 2.5 व 3 मिमी. अशा निरनिराळ्या मर्यादा वापरल्या गेल्या आहेत. यूरोपीय मूत्र-जनन क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने 2020 च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार, उभे राहून कुंथताना व्यास 3 मिमी. किंवा अधिक आणि उलटा प्रवाह 2 सेकंदांहून अधिक काळ असावा. सोनोग्राफीवर आधारित सार्तेस्की यांच्या प्रतवारीत पाच प्रती आहेत. रुग्ण आडवा होता की उभा, हे अहवालात नसेल तर मिलिमीटरचा आकडा फारसा उपयोगाचा नाही. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शनात केवळ व्हेरिकोसील शोधण्यासाठी सरसकट सोनोग्राफी सुचविलेली नाही. अव्यक्त व्हेरिकोसीलवरील शस्त्रक्रियेने लाभ होतो असे सिद्ध न झाल्याने ही भूमिका ग्राह्य वाटते. हाताने तपासणे अवघड असल्यास, उदा., रुग्ण फार स्थूल असल्यास, सोनोग्राफीचा आधार रास्तच होय.

वृषणांचे आकारमान सोनोग्राफीने किंवा स्विस वैद्य प्राडर यांच्या मण्यांच्या माळेने (1 ते 25 मिलि.) ठरवितात. किशोरवयात दोन्ही बाजूंत 20 टक्क्यांहून अधिक तफावत टिकून राहिल्यास ती दखलपात्र मानतात. वंध्यत्वाची तक्रार असल्यास वीर्यतपासणी करतात. एका नमुन्यावर विसंबत नाहीत. नीलाचित्रण (नीलेत रंजक द्रव्य सोडून घेतलेले क्ष-किरण चित्र) पूर्वी निर्णायक समजत. आता ते बहुधा नीला आतून बंद करण्याच्या उपचाराच्या वेळीच करतात.