प्रदूषण मोजणारी जिवाणूंची वीज

पाण्यात सेंद्रिय घाण किती आहे, हे ठरवण्याची रूढ चाचणी म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच बीओडी. नमुना २० अंश सेल्सिअस तापमानात पाच दिवस अंधारात ठेवायचा आणि त्यातील जिवाणूंनी किती ऑक्सिजन वापरला ते मोजायचे. ब्रिटनमधील नद्यांचे पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळते, या हिशेबाने ही मुदत ठरली असे सांगतात. गोदावरीसारख्या १,४६५ किलोमीटर लांबीच्या नदीला तो हिशेब कसा लागू पडावा, हा प्रश्नच आहे. भारतीय मानकात २७ अंशांवर तीन दिवसांची चाचणी आहे. तरीही निकाल हाती येईपर्यंत तपासलेले पाणी केव्हाच पुढे वाहून गेलेले असते.

सूक्ष्मजीव इंधनघट, म्हणजे जिवाणूंच्या साहाय्याने वीज निर्माण करणारा घट, हा विलंब टाळू शकतो. जिओबॅक्टर किंवा शेवानेला यांसारखे जिवाणू सेंद्रिय पदार्थांचे विघटन करताना मोकळे होणारे इलेक्ट्रॉन पेशीबाहेरच्या घन पदार्थाकडे सोपवू शकतात. ऑक्सिजनविरहित कप्प्यातील कार्बनच्या अ‍ॅनोडवर त्यांचा थर वाढवला, की ते इलेक्ट्रॉन तारेतून कॅथोडकडे जातात आणि तिथे ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी बनते. विशिष्ट मर्यादेपर्यंत घाण जितकी जास्त, तितका प्रवाह जास्त. मोजमापासाठी वेगळा संकेत शोधावा लागत नाही.

जिवाणूंपासून वीज मिळते, हे इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्येच नोंदवले होते. १९७७ मध्ये जपानच्या इसाओ कारुबे आणि सहकाऱ्यांनी बीओडी मोजण्यासाठी असा घट वापरला. पुढे दक्षिण कोरियात ब्युंग होंग किम यांच्या गटाने इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रसायन वेगळे न घालता चालणारा संवेदक बनवला आणि तो पाच वर्षांहून अधिक काळ चालल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध केले. थरातील जिवाणू स्वतःच वाढत राहतात, हे त्या टिकाऊपणाचे रहस्य.

खरी अडचण आकड्याचा अर्थ लावण्यात आहे. जड धातू किंवा कीटकनाशक मिसळले तर जिवाणू मंदावतात आणि प्रवाह घसरतो. म्हणून हाच घट विषारीपणाचा इशाराही देऊ शकतो. पण पाणी स्वच्छ झाले तरी प्रवाह घसरतोच! शिवाय नायट्रेट किंवा विरघळलेला ऑक्सिजन अ‍ॅनोडच्या वाट्याचे इलेक्ट्रॉन पळवतो आणि बीओडी प्रत्यक्षाहून कमी दिसतो. विषारीपणा तपासताना यावर एक तोडगा म्हणजे खाद्य मुद्दाम भरपूर पुरवणे, म्हणजे त्याच्या कमतरतेमुळे प्रवाह घसरण्याची शक्यता उरत नाही. मात्र तेव्हा त्याच घटाने बीओडी मोजता येत नाही.