हिरवा गॉगल आणि गुलाबी डोंगर

कोल्हापुरातील आमच्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे आणि तिच्या तळाशी हिरव्या काचांचा एक लहान गॉगल ठेवलेला आहे. सहावीत असताना चैत्र पौर्णिमेच्या यात्रेसाठी जोतिबाच्या डोंगरावर गेलो, तेव्हा मामांनी तो दहा रुपयांना घेऊन दिला होता. काचा म्हणायच्या, पण त्या प्लॅस्टिकच्याच आहेत. एक काडी वाकली आहे आणि दोन्ही बिजागऱ्यांत त्या दिवशीच्या गुलालाचे कण अजून अडकलेले आहेत. रद्दीवाला त्याचा एक रुपयाही देणार नाही, तरीही कोणी बदल्यात अगदी तसाच नवाकोरा गॉगल देऊ केला, तर मी तो घेणार नाही. हा हट्ट भाबडा वाटेल, परंतु मानसशास्त्रज्ञांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे.

वस्तू आपली झाली की तिची किंमत मनात वाढते, हे डॅनियल कानेमन, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या कॉफीच्या मगांच्या प्रयोगांतून दाखवले. ज्यांच्या हाती मग दिला होता, त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत इतर विद्यार्थी द्यायला तयार असलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. पण हे मग त्यांना नुकतेच मिळाले होते. त्यांत कोणाची आठवण गुंतलेली नव्हती. माझ्या गॉगलाच्या अधिक जवळचा प्रयोग आहे तो ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेला. त्यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वस्तूची हुबेहूब नक्कल करणारे एक खोटे यंत्र दाखवले. साध्या खेळण्याच्या बाबतीत मुले नवी प्रत आनंदाने घेत. मात्र उशाशी घेऊन झोपायच्या लाडक्या बाहुलीची किंवा पांघरुणाची गोष्ट आली, की त्यांना मूळ वस्तूच हवी असे, आणि काहींनी तर ती यंत्रात ठेवूच दिली नाही. म्हणजे ओढ असते ती वस्तूच्या रूपाची नव्हे, तर तिच्या इतिहासाची, आणि इतिहासाची प्रत निघत नाही.

त्यातही माझ्या या गॉगलासारखी ‘पहिली’ वस्तू वेगळी ठरते. दहा ते तीस या वयातील आठवणी उतारवयात तुलनेने अधिक संख्येने आठवतात आणि त्यांत पहिल्यांदा घडलेल्या गोष्टींचा भरणा मोठा असतो. गॉगलाच्या तापलेल्या प्लॅस्टिकचा वासही येथे हातभार लावतो, कारण गंधाचे संदेश मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांकडे इतर संवेदनांपेक्षा थेट वाटेने जातात.

आता मुख्य गोष्ट. त्या दिवशी गॉगल घातल्यावर गुलाल मला काळपट दिसला होता आणि बऱ्याच वेळाने गॉगल काढला, तेव्हा शिखर, सासनकाठ्या, माणसे आणि आकाशसुद्धा गुलाबी झाले होते, असे मला स्पष्ट आठवते. पहिल्या भागाचा उलगडा सोपा आहे. गुलाल सूर्यप्रकाशातील हिरवा भाग शोषून लाल आणि निळा परत पाठवतो, तर हिरवी काच नेमका लाल आणि निळा अडवते. त्यामुळे गुलालाकडून डोळ्यापर्यंत फारसे काही पोहोचतच नाही. दुसरा भाग अधिक गमतीचा आहे. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात आणि सतत हिरवा प्रकाश मिळाला, की त्याला प्रामुख्याने प्रतिसाद देणाऱ्या पेशींची संवेदनशीलता उतरते. म्हणूनच काही मिनिटांनी हिरव्या काचेतूनही पांढरे धोतर पुन्हा पांढरे वाटू लागते. गॉगल काढताच त्या पेशी काही काळ मागे पडतात आणि सगळ्या दृश्यावर गुलाबी झाक चढते. तेव्हा मी पाहिलेला गुलाबी डोंगर गुलालाचा किती आणि माझ्या शंकूपेशींचा किती, याचा हिशेब आता लागणार नाही.

शिवाय आठवण दर वेळी जागी झाली, की ती काही काळ बदलण्याजोगी होते, असे स्मृतीचे अभ्यासक करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी 2000 साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. माझ्या आठवणीत इतक्या वर्षांत थोडा रंग मी स्वतःही भरला असेल. बिजागरीतले कण मात्र मी भरलेले नाहीत.

गेल्या वर्षी भाचीने तो गॉगल यात्रेसाठी मागितला आणि मी नाही म्हटले. त्यामागे केवळ माया नव्हती. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवणारी नसेल तर ते डोळ्यात अधिकच शिरतात. मुलांच्या डोळ्यांतील भिंग अधिक पारदर्शक असल्याने त्यांना हा धोका मोठा असतो. काचेचा रंग किती गडद आहे यावरून हे संरक्षण ठरत नाही. पॉलिकार्बोनेटची बिनरंगी काचसुद्धा जवळजवळ सगळे अतिनील किरण थोपवते. शेवटी चष्म्याच्या दुकानात जाऊन तिच्यासाठी 400 नॅनोमीटरपर्यंतचे, म्हणजे सगळे अतिनील किरण अडवणारा राखी काचांचा गॉगल घेतला. राखी काच सर्व रंगांना जवळपास सारखेच अडवते, त्यामुळे तिला डोंगरावरचा गुलाल गुलाबीच दिसला आणि गॉगल काढल्यावर आकाशाचा रंगही बदलला नाही. तिने तो गॉगल आता त्याच्या लाल डबीत ठेवला आहे आणि त्या डबीला कोणालाही हात लावू देत नाही.